गाणाऱ्याचा वाटा

ॲरिथा फ्रँकलिन या अमेरिकन गायिकेचे 'रिस्पेक्ट' हे गाणे अमेरिकेतल्या व्यावसायिक रेडिओ केंद्रांवरून ७० लाखांहून अधिक वेळा वाजले, असा बीएमआय या हक्कवसुली संस्थेचा अंदाज आहे. २०१८ साली तिच्या निधनानंतर हा आकडा वर्तमानपत्रांत आला. त्यातल्या एकाही वाजण्याचे पैसे ॲरिथाला मिळाले नाहीत. कोणी तिचे पैसे बुडवले असे झाले नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे ते पैसे तिचे नव्हतेच.

त्या देशात एएम किंवा एफएम रेडिओवर गाणे लागले की ते लिहिणाऱ्याला, त्याची चाल बांधणाऱ्याला आणि त्यांच्या प्रकाशकाला मानधन मिळते. ज्याने ते गायले, ज्यांनी साथ केली, ज्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित केले, त्यांना रेडिओ केंद्र एक सेंटही देणे लागत नाही. या बाबतीत अमेरिकेच्या पंगतीला इराण, उत्तर कोरिया आणि क्युबा असे मोजकेच देश आहेत. ज्या देशाने जगाला ब्लूज, जॅझ, गॉस्पेल आणि सोल दिले, त्याने आपल्या गायकांना असे रिकाम्या हाती ठेवावे हा अन्याय आहे आणि तो कायद्याने दूर झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ॲरिथाच्या आयुष्याकडे नीट पाहिले की या मताला आधार शोधत लांब जावे लागत नाही.

'रिस्पेक्ट' लिहिले ओटिस रेडिंगने. १९६५ साली त्याने ते स्वतः गायले आणि ते बरे चालले. त्याच्या गाण्यातला पुरुष बाहेर राबतो, पैसे आणतो आणि घरी आल्यावर आपला मान राखला जावा एवढे बायकोकडे मागतो. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमधल्या अटलांटिक रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत २४ वर्षांच्या ॲरिथाने तेच गाणे स्वतःचे करून घेतले. आता मागणारी बाई होती, आणि तिच्या मागण्यात विनवणी उरली नव्हती. पियानोवर ती स्वतः होती. मागे गायला बहिणी होत्या, कॅरोलिन आणि अर्मा. ज्या अक्षरांवरून आज जगभर हे गाणे ओळखले जाते, ते आर-ई-एस-पी-ई-सी-टी असे एकेक अक्षर सुटे करून ठणकावणे ओटिसच्या मुद्रिकेत नाही. बहिणींचा तो 'सॉक इट टू मी'चा धोशा तिथे नाही. मधे येणारा किंग कर्टिसचा सॅक्सोफोनही नाही. त्या तुकड्याची स्वरसंगती सॅम अँड डेव्ह या जोडीच्या एका वेगळ्याच गाण्यातून आणून इथे बसवली आहे. दोन्ही मुद्रिका एकामागून एक ऐकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

जून १९६७ मध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच महिन्यात माँटेरेच्या महोत्सवात ओटिसने मंचावरून श्रोत्यांना सांगितले की हे गाणे एका मुलीने माझ्याकडून नेले. त्यात कौतुक होते आणि थोडी हळहळही होती. डिसेंबरमध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, तो विमान अपघातात गेला. त्याच्या वारसांना या गाण्याचे जे मिळते ते त्यांच्या हक्काचे आहे आणि ते कमी व्हावे असे कोणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की ओटिसने जे उघडपणे मान्य केले ते कायदा का मान्य करत नाही. गाणे एका मुलीने नेले, स्त्री-चळवळीने आणि नागरी हक्कांच्या चळवळीने ते आपले घोषवाक्य केले, रेडिओ केंद्रांनी त्यावर जाहिराती विकल्या, आणि त्या मुलीचे या व्यवहारात कायद्याने काहीच नाही.

ज्या कायद्याने हे घडते त्याच्या मुळाशी एक समजूत आहे. शब्द आणि चाल ही निर्मिती. गाणे म्हणजे तिची अंमलबजावणी. लिहून ठेवलेल्या सुरावटीवर उभ्या असलेल्या संगीताच्या जगात ही समजूत कदाचित काही काळ चालून गेली असेल. ॲरिथा ज्या जगातून आली तिथे ती क्षणभरही टिकत नाही.

तिचा जन्म २५ मार्च १९४२ चा, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. वाढली ती डेट्रॉइटमध्ये. वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन तिथल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. त्यांच्या प्रवचनांची कीर्ती अमेरिकाभर होती. बोलता बोलता त्यांचा आवाज चढत जाई, वाक्यांना लय येई, लय सुरात शिरे, आणि समोरचा समुदाय प्रत्येक वाक्याला हुंकार देत त्यांना आणखी वर नेई. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर दुकान असलेल्या जो व्हॉन बॅटल या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने ही प्रवचने ध्वनिमुद्रित केली आणि त्यांच्या तबकड्या दूरदूरपर्यंत खपल्या. (तो हेस्टिंग्ज स्ट्रीट, त्यावरची दुकाने, क्लब, चर्च, सगळी कृष्णवर्णीयांची वस्ती पुढे महामार्गासाठी पाडली गेली. त्या वस्तीतून जे निघाले त्यातले आज ऐकता येण्यासारखे बरेचसे तबकड्यांवरच उरले आहे.)

आई बार्बरा १९४८ मध्ये वेगळी झाली आणि १९५२ मध्ये वारली. ॲरिथा तेव्हा दहाचीही नव्हती. घरात महालिया जॅक्सन, क्लॅरा वॉर्ड, जेम्स क्लीव्हलँड यांची ऊठबस असे. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले भजनगायन, आणि त्यातली ही मोठी माणसे. त्यांना ऐकत, पाहत ती शिकली. पियानो तिने कानाने उचलला. १४ व्या वर्षी, १९५६ मध्ये, वडिलांच्याच चर्चमध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्यात ऐकू येणारी मुलगी ठरलेली चाल म्हणत नाही. एका अक्षरावर सात-आठ सुरांची वळणे घेते, ओळ अर्ध्यात सोडते, समुदायाचा 'हो' आला की तीच ओळ नव्या उंचीवरून उचलते. गॉस्पेलमध्ये भजनाची मूळ चाल सगळ्यांना पाठ असते. लोक येतात ते आज ही बाई तिचे काय करते हे ऐकायला. त्या परंपरेत गायन हीच निर्मिती आहे. अभंग कोणाचा हे ठाऊक असूनही तो कोणी गायला यावर ज्यांचे अंगावरचे रोमांच ठरतात त्या मराठी श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढची काही वर्षे मी भराभर ओलांडतो. १९६० मध्ये जॉन हॅमंड यांनी तिला कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये आणले. तिथली सहा वर्षे बऱ्याच अंशी वाया गेली, कारण कंपनीला तिचे काय करायचे ते कळले नाही. जेरी वेक्सलर यांनी अटलांटिकमध्ये नेल्यावर जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत तिला पियानोवर बसवले गेले, आणि चर्चमधली ती मुलगी पुन्हा ऐकू येऊ लागली. सोल संगीताचा तो काळ याच गोष्टीवर उभा होता. चर्चचा गळा, चर्चचा ठेका, चर्चची सवाल-जवाबाची रीत आणि विषय मात्र प्रेमाचा, संसाराचा, मानाचा.

आणि मग १९७२. १३ आणि १४ जानेवारीच्या दोन रात्री लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये जेम्स क्लीव्हलँड आणि सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर यांच्यासह तिने भजने गायली. तोवर ती जगप्रसिद्ध होती. तरी ती चर्चमध्येच परतली आणि समुदायासमोरच ध्वनिमुद्रण केले. 'अमेझिंग ग्रेस' नावाने निघालेला हा संच तिच्या आयुष्यातला सर्वांत जास्त खपलेला संच ठरला. नावाचे भजन आहे जॉन न्यूटन या अठराव्या शतकातल्या इंग्रज पाद्र्याचे, जो आधी गुलामांची जहाजे हाकत असे. गुलामांच्या व्यापाऱ्याने पश्चात्तापाने लिहिलेले शब्द गुलामांच्या वंशजांनी आपले करावेत, आणि ॲरिथाने ते दहा मिनिटांहून अधिक वेळ, जवळजवळ प्रत्येक अक्षर ताणत, थांबत, पुन्हा उचलत गावे, यातले काय न्यूटनचे आणि काय तिचे? शब्दांवरचा कोणाचाही हक्क केव्हाच संपला आहे. त्या मुद्रणाचे जे काही मोल आहे ते दोन रात्रींत त्या चर्चमध्ये जे घडले त्याचे आहे. रेडिओच्या कायद्यासमोर मात्र नेमके त्याचेच मोल नाही. 'लिहिणाऱ्याला देतो, गाणाऱ्याला नाही' हा नियम किती पोकळ आहे हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

या दोन रात्रींच्या तारखाही लक्षात ठेवाव्या अशा आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला स्वामित्वहक्काचे संरक्षण दिले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून पुढच्या मुद्रणांना. त्याआधीची मुद्रणे वेगवेगळ्या राज्यांच्या कायद्यांच्या भरवशावर सोडली गेली. 'रिस्पेक्ट' त्या रेषेच्या पाच वर्षे आधीचे. 'अमेझिंग ग्रेस'च्या रात्री महिनाभर आधीच्या. सोल संगीताचा बहराचा काळ जवळजवळ पूर्ण या रेषेच्या चुकीच्या बाजूला पडला.

आणि ही रेष ओलांडलेल्यांनाही रेडिओचे मानधन नव्हतेच. नवा कायदा तबकडीची चोरटी नक्कल रोखत होता. प्रसारणाचा मोबदला त्यात मुद्दाम वगळला होता. गायक-वादकांनी हे निमूट सोसले असेही नाही. १९३० च्या दशकात फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदप्रमुखाने रेडिओ केंद्रावर खटला भरला आणि १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. कलाकाराने गाण्यात जी भर घातली ती त्याची मालमत्ता आहे, हे त्या न्यायालयाने मानले. तीन वर्षांनी पॉल व्हाइटमन यांच्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी उलट निकाल दिला. तबकडी एकदा विकली की विकत घेणारा ती रेडिओवर वाजवू शकतो, कलाकाराचा संबंध तिथे संपला. देशाने हा दुसरा निकाल धरला आणि अजून धरून आहे. १९८० च्या दशकात फ्रँक सिनात्रासारख्या बलाढ्य गायकाने सहकाऱ्यांना पत्रे लिहून मोर्चेबांधणी केली. काही झाले नाही.

१९९५ मध्ये एक फट उघडली. उपग्रह रेडिओ आणि इंटरनेट यांसारख्या डिजिटल प्रसारणाला गायकांना पैसे देणे बंधनकारक झाले. पण १९७२ पूर्वीच्या मुद्रणांना तोही नियम लागू आहे की नाही यावर वाद झाले, खटले झाले. मे २०१४ मध्ये ज्येष्ठ कलाकारांना निदान डिजिटल मानधन तरी मिळावे म्हणून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एक विधेयक आले. मांडणाऱ्यांत डेट्रॉइटचे खासदार जॉन कॉनियर्स होते आणि विधेयकाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'रिस्पेक्ट' हाच शब्द केला होता. ते मंजूर झाले नाही. अखेर ही तरतूद ज्या कायद्यात आली तो म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्ट ११ ऑक्टोबर २०१८ रोजी सही होऊन अमलात आला. ॲरिथा १६ ऑगस्टला गेली होती. आणि साध्या एएम-एफएम रेडिओला या कायद्यानेही हात लावला नाही.

रेडिओ केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेचा बचाव अनेक दशके एकच आहे. आम्ही तुमची जाहिरात करतो. गाणे रेडिओवर वाजते म्हणून तबकड्या खपतात, कार्यक्रमांना गर्दी होते, मग पैसे उलट आमच्याकडून कशाला मागता? हा मुद्दा अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात रेडिओनेच 'रिस्पेक्ट' घराघरांत नेले. पण पन्नास वर्षांनंतर जुन्या गाण्यांच्या केंद्रावर सकाळच्या वाहतुकीच्या बातम्या आणि मोटारविम्याच्या जाहिराती यांच्यामध्ये ते वाजते, तेव्हा कोण कोणाची जाहिरात करत असते? लोक त्या केंद्रावर थांबतात ते ॲरिथासाठी, आणि थांबलेल्या लोकांचे कान केंद्र जाहिरातदारांना विकते. शिवाय जाहिरातीचा हा युक्तिवाद गीतकारालाही लागू पडायला हवा. त्याचेही गाणे रेडिओमुळे खपते. त्याला मात्र रेडिओ गेली अनेक दशके पैसे देत आला आहे आणि त्याने रेडिओ बुडाला नाही. उपग्रह रेडिओ गायकाला देतो, इंटरनेट रेडिओ देतो. मोटारीत एक बटण इकडचे तिकडे केले की त्याच गाण्याचा, त्याच गायिकेचा हक्क उगवतो आणि मावळतो. याला न्याय म्हणवत नाही.

राहिला कार्यक्रमांचा प्रश्न. मंचावर गा आणि कमवा, असे गायकांना सांगितले जाते. ॲरिथाने १९८० च्या दशकात एका खडतर विमानप्रवासानंतर विमानात बसणे कायमचे सोडले. त्यानंतर युरोप तिच्यासाठी संपला आणि अमेरिकेत ती बसने फिरत राहिली. वय वाढले, आजार आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिने दौरे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा ती पंचाहत्तरीला टेकली होती. तिचे नाव एवढे मोठे होते की तिला वाण पडली नाही. तिच्या मागे, तिच्या शेजारी गाणाऱ्या, दोन-चार गाणी गाजून विस्मरणात गेलेल्या शेकडो गायकांचे तसे नव्हते. थकलेल्या गळ्याच्या माणसाला कार्यक्रम कर म्हणणे म्हणजे तरुणपणी केलेल्या कामाचे मोल नाकारणे आहे. लेखकाला आपण असे सांगत नाही.

इथे वर्णाचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या कृष्णवर्णीय गायकांचे करार किती एकतर्फी होते याची कागदपत्रे आहेत. विक्रीतला हिस्सा तुटपुंजा, आणि स्टुडिओचे भाडे, वादकांचे पैसे, दौऱ्याचा खर्च हे सगळे त्याच हिश्श्यातून वळते. कलाकार वर्षानुवर्षे कंपनीच्या वहीत कर्जदारच. रूथ ब्राउनच्या तबकड्यांवर अटलांटिक कंपनी उभी राहिली असे लोक म्हणत, ती रूथ १९६० च्या दशकात लोकांच्या घरी काम करत होती, शाळेची बस चालवत होती. तिने वकिलाला घेऊन लढा दिला तेव्हा कुठे १९८८ मध्ये कंपनीने जुनी कर्जे माफ करून मागील वीस वर्षांचा हिशेब द्यायला आणि तिच्यासारख्यांसाठी रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे करायला मान्यता दिली. गीतलेखनाचा हक्क असणाऱ्यांना रेडिओचे पैसे कंपनीच्या वहीला न शिवता थेट येत राहिले. ज्यांच्याकडे फक्त गळा होता त्यांना तो आधारही नव्हता. कायदा सगळ्यांना सारखाच होता हे खरे, पण त्याचा घाव कोणावर जास्त बसला हे झाकून राहत नाही.

ॲरिथाच्या वागण्यातली एक गोष्ट लोक तिच्या लहरीपणाचा नमुना म्हणून सांगतात. कार्यक्रमाचे पैसे ती आधी रोख घेई, आणि पैशांची बॅग मंचावर, नजरेच्या टप्प्यात ठेवी. डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये कॅरोल किंग हिच्या सन्मानासाठी ती 'अ नॅचरल वुमन' गायला आली, तेव्हाही अंगभर फरचा कोट आणि हातात बॅग होती, आणि पियानोवर बसताना ती बॅग तिने पियानोवर ठेवली. त्या दिवशीचे चित्रण लाखोंनी पाहिले आहे. सज्जात कॅरोल किंग आनंदाने वेडावली होती, अध्यक्ष ओबामा डोळे पुसत होते. मी ते पाहताना दरवेळी त्या बॅगेकडे पाहतो. ते गाणे जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग यांनी लिहिले. रेडिओवर ॲरिथाची मुद्रिका लागली की सज्जातल्या बाईला तिचे योग्य ते पैसे मिळतात आणि मंचावरच्या बाईला काही नाही. ज्या पिढीने आपल्या आधीच्यांना, ओळखीच्यांना, मित्रांना लुबाडले जाताना पाहिले, त्या पिढीच्या एका बाईने पैसे डोळ्यांसमोर ठेवायचे ठरवले, तर त्याला लहर म्हणू नये.

आणि हा पैसा ती कुठे लावत होती तेही पाहावे. वडिलांनी मार्टिन लूथर किंग यांच्यासह जून १९६३ चा डेट्रॉइटचा प्रचंड मोर्चा उभा केला होता. ती किंग यांच्या चळवळीसाठी निधी उभारायला गात असे आणि १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीही ती गायली. १९७० मध्ये अँजेला डेव्हिस ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती तुरुंगात असताना जामिनाचे पैसे भरण्याची तयारी तिने जाहीरपणे दाखवली. हा पैसा मला कृष्णवर्णीयांनीच दिला आहे, तेव्हा तो आमच्या लोकांसाठी वापरायला हवा, अशी तिची भूमिका होती. कलाकाराचे न दिलेले मानधन केवळ त्याच्या घरातून जात नाही.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या रूपात झाला. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना तबकड्यांच्या विक्रीतून हिस्सा मिळावा अशी मागणी धरली आणि मोहम्मद रफी यांनी एकदा मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला असे म्हटले. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. रफींचे मन मोठे होते आणि त्यांना तसे प्रामाणिकपणे वाटत होते. पण त्यांचे म्हणणे आणि लर्नेड हँड यांचा निकाल शेवटी एकाच जागी येतात, आणि त्या जागेवर फायदा नेहमी मुद्रण विकणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा होतो. लताबाईंचे बरोबर होते. भारताने २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीत गायकांचा व्यावसायिक वापरावरील मानधनाचा हक्क मान्य केला, पुढच्या वर्षी गायकांची 'इसरा' ही संस्था नोंदवली गेली. कायदा होऊनही वसुलीसाठी या संस्थेला न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, हेही सांगायला हवे. तरी भारतात गायिका न्यायालयात जाऊन उभी राहू शकते. अमेरिकेत साध्या रेडिओविरुद्ध तिला उभे राहायला जागाच नाही.

विरोधकांच्या दोन शंका मला खऱ्या वाटतात. पहिली लहान केंद्रांची. छोट्या गावातले रेडिओ केंद्र वादळाची सूचना देते, शाळेचे सामने सांगते, आणि त्याच्या हाती पैसा नसतो. ते बंद पडू नये हे कोणालाही पटेल. २०२१ पासून पुन्हा पुन्हा मांडल्या जाणाऱ्या अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्ट या विधेयकात याचे उत्तर आहे. वर्षाला १५ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या, आणि मोठ्या कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या केंद्राला वर्षभराचे फक्त ५०० डॉलर. ज्यांचे उत्पन्न एक लाखाच्या आत त्यांना १० डॉलर. वर्षाला १० डॉलरने कोणतेही केंद्र बंद पडणार नाही. तरी प्रत्येक काँग्रेसमध्ये रेडिओ संघटना याला 'कर' असे नाव देऊन विरोधी ठराव फिरवते आणि त्यावर खासदारांच्या सह्या मोठ्या संख्येने होतात. आपल्या मतदारसंघातल्या केंद्राशी निवडणुकीच्या वर्षात वैर घ्यायला कोणी तयार होत नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. पैसे शेवटी रेकॉर्ड कंपन्याच खातील. रूथ ब्राउनची कथा पाहता ही भीती बाळगणे शहाणपणाचे आहे. म्हणूनच पैसे कोणत्या वाटेने जातात हे महत्त्वाचे. १९९५ च्या डिजिटल कायद्यात अर्धे पैसे मुद्रणाच्या हक्कधारकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या गायक-वादकांना जातात, आणि कलाकारांचा हिस्सा साउंडएक्स्चेंज ही संस्था त्यांना थेट देते. कंपनीला तो जुन्या कर्जात वळता करता येत नाही. रेडिओचे पैसेही याच वाटेने गेले पाहिजेत, ही अट मी कोणत्याही तडजोडीत सोडणार नाही. माझे स्वतःचे म्हणणे त्यापुढे जाते. ५ टक्के फार कमी आहेत. 'रिस्पेक्ट'मधून कॅरोलिन आणि अर्मा यांचे आवाज काढा, किंग कर्टिसचा सॅक्सोफोन काढा, मसल शोल्सहून आणलेल्या वादकांचा ठेका काढा, आणि काय उरते ते ऐका. साथीदारांचा वाटा निदान दुप्पट व्हायला हवा, आणि तो कंपनीच्या अर्ध्या हिश्श्यातून यावा.

सॅम अँड डेव्ह जोडीतला सॅम मूर, ज्याच्या गाण्याची स्वरसंगती 'रिस्पेक्ट'मध्ये गेली तोच, रेडिओच्या याच मानधनासाठी पूर्वी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यायला बसला होता. गॉस्पेलमधूनच आलेला, रेडिओवर आयुष्यभर वाजलेला गायक. १० जानेवारी २०२५ रोजी तो गेला. त्याच महिन्यात अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्टचे विधेयक पुन्हा मांडले गेले. त्यात मागील काळाची भरपाई नाही. मंजूर झाल्या दिवसापासून पुढे वाजणाऱ्या गाण्यांचेच पैसे मिळतील. ॲरिथाच्या बाबतीत म्हणजे तिच्या मुलांना. काँग्रेसने ते आणखी एका अधिवेशनासाठी पुढे ढकलू नये. त्या काळात गाणारे अजून काही जण जिवंत आहेत, आणि त्यांची गाणी आजही अमेरिकेच्या रस्त्यांवर प्रत्येक मोटारीत वाजत आहेत.